अप्पांचं तिरपं स्टिअरिंग

५ नोव्हें.
कॅनॉलच्या पुलावर जीप पुन्हा एकदम डावीकडं ओढली. मी चालवत होतो, सुनीता शेजारी. स्टिअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो, अन् मग एकदम जाग येते. घरी आल्यावर सु. म्हणाली, या डब्यात मी बसणार नाही अन् अप्पांनाही चालवू देऊ नका. बाप माझा, म्हणजे सांगायचं मीच.

६ नोव्हें.
सांगितलं. अप्पा म्हणाले, "गाडीला काय झालंय? तुमचे हात कच्चे हायेत." विषय संपला.
आई गेल्यापासून दर गुरुवारी वालूरला आत्याकडं जातात, स्वतः चालवत. वाटेत हात करील त्याला बसवून घेतात. तेवढंच राहिलंय त्यांना. म्हणून तर माझा जीव टांगणीला.

१४ नोव्हें.
अप्पा लग्नाला पालमला गेले. संधी साधली. न विचारता जीप परभणीला रफिकभाईंच्या गॅरेजवर. त्यांनी चाक धरून हलवलं अन् हसायलाच लागले. चाकं वळवणाऱ्या टाय रॉडचे सांधे गेलेत, बेअरिंगही. "ये चली कैसी?" म्हणे. चालली बाबा, अप्पांच्या हातानं. सामान उद्या येणार.

१५ नोव्हें.
उद्या म्हणजे उद्या नव्हे. आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं. दिवसभर जुन्या टायरवर बसून चहा. शाळेतून घेतलेली रजा वाया. लय डोकं फिरलंय.

१७ नोव्हें.
सांधे बसले एकदाचे. पण स्टिअरिंग इतकं आवळलं की वळण घेतलं की माघारी येईना. परत नेली. स्टिअरिंग ढिलं-घट्ट करायचा स्क्रू जरा जादा बसला म्हणे. जरा!
अप्पा लग्नाहून आलेत. जीप जागेवर नाही बघून खराटा घेतला अन् ती रिकामी जागा झाडून काढली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

१९ नोव्हें.
चाकांना सुतळी लावून अलाइनमेंट झाली. स्टिअरिंगही उपसून सरळ बसवलं. इतकी वर्षं स्टिअरिंगच्या चक्रातली मधली काडी तिरपी धरली तरच गाडी सरळ जायची. आज हात सोडला तरी नाकासमोर. गाणं म्हणत घरी आलो.

२० नोव्हें., गुरुवार
अप्पांनी वेशीपुढंच जीप बाभळीत घातली. शेजारचे हौसाकाका सोबत होते, त्यांच्या कपाळाला खोक. अप्पांना काही नाही, नशीब.
काडी सवयीनं तिरपी धरली. वरून सारखं इकडं तिकडं हलवत राहिले, कायम हलवतात तसं. आधी ते ढिलाईत जिरायचं. आता चाकं ऐकतात. गावात बोलायलेत, म्हाताऱ्याचं काही खरं न्हाई. म्हाताऱ्याचं बरोबर होतं रे, गाडी मी बदलली.

२३ नोव्हें.
माळावर शिकवायला नेलं. हलवू नका, हलवू नका, किती वेळा म्हणालो. मीपण ओरडलो. अप्पा उतरले. "तुला ही गाडी कुणी शिकवली?" म्हणाले अन् चालत घरी गेले. मी मागून पहिल्या गिअरमधे.

२७ नोव्हें., गुरुवार
गेले नाहीत. आत्याचा फोन आला, दादा का आला न्हाई? गाडीचं काम निघालंय म्हणून सांगितलं. सु. सकाळी म्हणाली, सुटलो एकदाचे. संध्याकाळी तीच म्हणाली, अप्पा अर्ध्या भाकरीवर उठले.

३० नोव्हें.
आज अप्पा म्हणाले, "माझी गाडी मला दे. व्हती तशी." आवाज चढवला नाही. जन्मात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. अन् मागितलं ते हे.

२ डिसें.
अप्पा अन् मी रफिकभाईंकडं. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. ढिलं करून मागणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघितलं म्हणे. स्टिअरिंग तिरपं बसवून दिलं, त्यात धोका नाही. ढिलं मात्र करणार नाही म्हणाले. पाना माझ्या हातात दिला अन् स्क्रू दाखवला. "करना है तो तुम करो, भैय्या."
अप्पा बाहेर बाकड्यावर बसून माझ्याकडंच बघायले होते.
पाना ठेवला. उद्या सांगतो म्हणालो. गाडी तिथंच. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं चालत.
परवा गुरुवार.