काँक्रीटवरची बोट

हट्टी दादा,

बाबांनी जन्मभर चालवलेली बोट अखेर वाचली. ‘भंगारात काढा, तिच्यात आपलं काय राहिलंय?’ हे तुझं मी ऐकलं नाही, म्हणून तू अबोला धरलास. इथे तिचं वाचनालय झालंसुद्धा! काठावर काँक्रीटच्या ओट्यात पक्की बसवलीय.

आज उद्घाटनाला सगळे जुने उतारू आले होते. साहेब फीत कापायला डाव्या कठड्याशी गेले, तशी गर्दीही तिकडेच लोटली. आईला राहवलं नाही. बाबा सुकाणूवरून ओरडायचे, तश्शी ओरडली, “अर्धे जण उजवीकडे व्हा रे!”

आणि काय सांगू! मास्तर, न्हावीकाका, मासळीवाली मावशी, सगळे झटकन उजवीकडे सरकले. मीसुद्धा! बिचारे साहेब कात्री घेऊन एकटेच उरले.

“अहो, ही आता कलंडायची नाही,” ते म्हणाले, तेव्हा हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

हे पत्र मात्र मी टाकणार नाही. तुला आधी कळता कामा नये. सुट्टीला आलास की तुला डाव्या कठड्याशी उभं करीन आणि मागून आईला ओरडायला सांगेन. तुझे पाय हलले, की आपलं भांडण मिटलं.

तुझ्याआधी सरकलेली,
धाकटी