कोरफडीचा गर

केदारखेडा, १२ जुलै १९८८

चि. सौ. शिवकन्या हिस मायचे उदंड आशीर्वाद, वि. वि.

इकडं सगळे खुशाल. तुझी कंबर दुखून राह्यली असं तुझा भाऊ तातेराव सांगत होता. मंग त्याच्याच हाती परसातल्या कोरफडीची पिल्लं अन् थोडी जाड पानं पाठवली. पिल्लं उन्हात लाव. लाडानं जास्त पाणी घालू नको, मुळं सडतात. पानातला गर गुळासंगं रोज सकाळी खा. कडू लागतो म्हणून फेकून देशील, तुझी खोड मला बराबर ठाऊक आहे. जावईबापूंना नमस्कार. माया आहेच, ती राहू दे.

तुझी माय

मंठा, २१ जुलै १९८८

ती. सौ. मायला शिवकन्याचा शि. सा. न. वि. वि.

पिल्लं जगली. गरही फेकला न्हाई, तू सांगितलं म्हणून डोळे मिटून खाल्ला. माय, रागावू नको. मला दिवस गेलेत. तिसरा महिना सरेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं, म्हणून तुलाही बोलले न्हाई. मागच्या वेळी सांगितलं अन् गेलं, तेच डोक्यात होतं. कंबर त्यानंच दुखत होती.

काल पोटात कळा आल्या, साडीला डाग लागला. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी काय खाल्लं विचारलं. कोरफड म्हणताच त्यांनी कपाळाला हात लावला. अशात ती बिलकुल खायची नसते म्हणाल्या. पडून राहायला सांगितलंय. हे ट्रेनिंगला गेलेत, घरात मी एकटी. लई भ्या वाटून राह्यलंय. कूस बदलली तरी वाटतं, गेलं. लोभ कमी करू नको.

तुझी शिवकन्या

केदारखेडा, २३ जुलै १९८८

चि. शिवकन्या, अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं अन् तशीच परसात गेले. सगळी कोरफड उपटून फेकली. त्यानं आता काय व्हायचं, पण हात थांबेनात. माझ्याच हातानं पाठवली मी. कुणाला सांगू नये हे तुला मीच शिकवलं, अन् त्या कुणात तू मलाही धरलंस. तुझी चूक न्हाई पोरी.

तातेराव आत्ताच निघून राह्यला, त्याच्या हाती हे देते. म्हशीची सोय लावून उद्या मी येते. तोवर दुखलं तर गप पडून राहू नको. शेजारच्या बेबीनंदाला हाक मार. लोकांना कळंल म्हणून आवाज दाबू नको, सगळ्या मंठ्याला ऐकू जाऊ दे.

मी येईपर्यंत जीव धरून राहा, दोघंही.

तुझी माय