ट्रेलोरची बोर्डिंगमधून सुटका

३ फेब्रुवारी १९७६, मंगळवार

परत आलो. बरिगल स्कूल, दहावी, बोर्डिंगचं चौथं वर्ष. मेंढ्यांच्या रानातून निघालो तेव्हा आईने पुसून दिलेले बूट इथे पोचेपर्यंत चिकट झाले. ट्रेनमध्ये कुणीतरी ओकलं.

व्हरांड्यातली डॉर्मिटरी. चोवीस खाटा, अठ्ठेचाळीस पाय, मोज्यांची मोजदाद कुणी केलेली नाही. माझ्या शेजारी पुन्हा पिकेट. पिकेटचा बाप मेंढ्या कातरणाऱ्यांची टोळी चालवतो. पायाची नखं काढायला पिकेटने यंदा घरून मेंढीची खुरं कापायची कात्री आणली आहे. एक नख उडून माझ्या उशीवर आलं. मी ते त्याला दाखवलं. म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे. माझ्याकडे नऊ आहेत."

शी.

निश्चय: या वर्षी बोर्डिंग सोडायचं. डे-बॉय व्हायचं. डे-बॉय साडेतीनला घरी जातात, स्वतःच्या ताटात जेवतात, स्वतःच्या टॉवेलने अंग पुसतात. ड्युल्सी आत्या याच गावात राहते, शाळेपासून बारा मिनिटांवर. बाबांची थोरली बहीण, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर, एकटी. घरात दोन खोल्या रिकाम्या. हे तीन वर्षं माझ्या कसं लक्षात आलं नाही?

मुदत: ईस्टर. जास्तीत जास्त.

८ फेब्रुवारी, सकाळ

लापशीवर साय नव्हती, कातडं होतं. चमच्याने उचललं तर अख्खं उचललं गेलं. पिकेट म्हणाला, "नको असेल तर दे इकडे," आणि गिळलं. पाहवलं नाही. पाहिलं.

आत्याकडे राहू द्या म्हणून घरी पत्र टाकलं. तब्येतीचा मुद्दा वर घेतला, अभ्यासाचा दुसरा.

२२ फेब्रुवारी, रविवार

आत्याकडे गेलो. दार उघडून म्हणाली, "कोण मेलं?"

म्हटलं, कुणी नाही, सहज भेटायला आलो.

"तीन वर्षांत सहज सुचलं नाही ते आज सुचलं?" तिचा आवाज जरा जाड झाला होता. भरून आलं असावं.

थंड मटण, बीट. बिटाचं पाणी मटणाखाली गेलेलं. तारीफ केली. मग तिने शिडी दाखवून छपराची पन्हळ साफ करायला सांगितली. कुजकी पानं, एक मेलेली साळुंकी. हातांनी काढावं लागलं. पण परक्या माणसाला कुणी पन्हळ साफ करायला सांगत नाही. घरचा झालो.

३ मार्च

आईचं पत्र. लिहिते, "बाबा खूप वेळ हसले. मग म्हणाले, विचारू दे ड्युल्सीला."

म्हणजे बाबांची परवानगी मिळाली. अर्धं काम झालं.

१४ मार्च

लायनेल हॅरॉप नावाचा डे-बॉय गणिताला माझ्याशेजारी बसतो. बाप चष्मेवाला. एकुलता एक. डब्यात सँडविचच्या कडा कापलेल्या असतात. हा मुलगा मला रोज बोर्डिंगबद्दल विचारतो. त्याला सगळं सांगितलं: न्हाणीघराच्या मोरीत अडकलेल्या केसांचा बोळा (त्याला आम्ही नाव ठेवलंय, अर्चिबाल्ड), शनिवारी उशांची मारामारी, पिकेट झोपेत आपल्या कुत्र्याला हाका मारतो आणि पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी भुंकतं.

लायनेलचे डोळे विस्फारले. बिचारा. इतकी घाण त्याने ऐकली नसेल.

२५ एप्रिल

ईस्टर गेला. मुदत वाढवून टर्मच्या शेवटापर्यंत.

आज आत्याला सरळ विचारलं. ती म्हणाली, "चाळीस वर्षं लोकांचं बोलणं कानात घेतलं. आता माझ्या घरात मला कुणी बोलायला नको."

परतताना विचार केला. बोलायला नको म्हणाली. राहायला नको असं म्हणाली नाही.

६ जून

दंव. जून म्हणजे इथला हिवाळा. सकाळी टॉवेल फळीसारखा उभा राहतो. डॉर्मिटरीत गरम पाण्याचा एकच पाइप, तो माझ्या उशाशी. म्हणून चोवीस जणांचे ओले मोजे माझ्या डोक्यावर. वाफ येते. रश्श्यासारखा वास. तक्रार केली तर सगळे म्हणाले, "मग खाट बदल." पाइप कोण सोडणार?

थंडीने माझी बोटं फुटली. पिकेटकडे डबीत मेंढीची चरबी असते. पिवळी, त्यात एक लोकरीचा केस. म्हणाला, "हात कर पुढे, नखरे नकोत, मिस." मी नाही म्हटलं. त्याने मनगट धरून दोन्ही हातांना चोळली, बोटाबोटाच्या मध्ये. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ. पुस्तकांना वास लागला. बोटं बरी झाली, पण ती तशीही होणार होती.

२४ जून

हाउसमास्टर क्विल सरांना डॉर्मिटरीच्या अस्वच्छतेवर निवेदन दिलं. चौदा मुद्दे, शाईने. मोजे, मोरी, लापशी, पिकेट (चार मुद्दे). अशी बुद्धीची माणसं बोर्डिंगमध्ये कुजू नयेत हे सरांना आपोआप कळावं, असा हेतू.

सरांनी शेवटपर्यंत वाचलं. म्हणाले, "ट्रेलोर, बाकीच्या तेवीस जणांनी तुझ्यावर निवेदन दिलं तर किती मुद्दे होतील?"

म्हटलं, "एकही नाही सर."

सर बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले. खांदे हलत होते. थंडी फार आहे.

११ जुलै

आत्याकडे सलग सातवा रविवार. तिने आता कानात कापसाचे बोळे घातले होते. कान दुखत असावेत. मी मोठ्याने बोललो.

१ ऑगस्ट, रविवार

झालं!

आत्या शिडीवरून पडली. मनगट मोडलं. (वाईट झालं.) शाळेत फोन आला: चुलीसाठी लाकडं फोडायला कुणीतरी हवं, पुढच्या टर्मपासून पोराला पाठवून द्या. सुट्टी संपेपर्यंत शेजारचे बघतील.

शेवटी रक्ताचं नातं. एवढ्या गावात तिला मीच आठवलो.

९ ऑगस्ट, सोमवार

क्विल सरांना सांगितलं. "बरं," म्हणाले. चष्मा काढून पुसला. भावना आवरायला माणसाला वेळ लागतो.

जेवणाच्या वेळी सगळ्यांना सांगितलं. मनात म्हटलं, आता कुणीतरी बोलेल, मी नम्रपणे ऐकेन. मग एकदम गलका: पाइपशेजारची खाट कुणाला? बटाटे उडाले. माझ्याच कॉलरमध्ये एक गेला, लोण्यासकट.

पिकेट भांडला नाही. मला म्हणाला, "खरंच चाललास?" म्हटलं, खरंच. "आम्ही काय केलं?" असं काहीतरी विचारलं. म्हटलं, यादी क्विल सरांकडे आहे.

तेव्हापासून बोलत नाही. नखंही कापत नाही. सुटलो.

१४ सप्टेंबर, मंगळवार

तिसरी टर्म. आजपासून डे-बॉय!

साडेतीनला घंटा झाली आणि मी दप्तर उचलून सगळ्यांच्या देखत फाटकाबाहेर पडलो. स्वतःची खोली. स्वतःचं बेसिन. मोजे फक्त दोन, दोन्ही माझे.

जेवायला पांढऱ्या सॉसमध्ये उकडलेली वजडी. मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं होती तिला. चावली की चावतच राहायची. आत्या म्हणाली, "पानात टाकायचं नाही."

सहा वाजता जेवण संपलं. त्यानंतर घड्याळ. आत्या कानात कापूस घालून एकटीच पत्त्यांचा पेशन्स खेळते. मी खोलीत जाऊन शांततेचा आनंद घेतला. सव्वासहापर्यंत घेतला.

१९ सप्टेंबर

निलगिरीचे ओंडके दगडासारखे. तळहाताला फोड. एक फुटला.

टाकीत पाणी कमी, म्हणून आंघोळ आठवड्यातून दोनदा. एकाच पाण्यात: आधी आत्या, मग मी, मग टोमॅटोची रोपं. पाण्यावर आत्याच्या पावडरीचा थर असतो. अर्चिबाल्ड निदान ओळखीचा तरी होता.

आज तहान लागली म्हणून ओट्यावरचा ग्लास उचलून प्यायलो. तळाशी दात होते.

एकूण निर्णय योग्यच.

२९ सप्टेंबर

विश्वास बसत नाही असं घडलं. लायनेल हॅरॉप बोर्डिंगमध्ये गेला! गावात घर असताना! सहा महिने आईबापाच्या मागे लागला होता म्हणे. गणिताच्या तासाला मला म्हणाला, "तुझ्यामुळेच रे. तू सांगितलंस त्याहून भारी आहे."

खाट कुठली मिळाली विचारलं. पाइपशेजारची. पिकेटने भांडून त्याच्यासाठी ठेवली.

तीन आठवडे टिकेल.

१० ऑक्टोबर, रविवार

साबणाची डबी डॉर्मिटरीत राहिली होती, ती आणायला गेलो. (नवी घेता आली असती, पण सवयीची होती.) पाइपवर टोस्ट ठेवला होता. मोज्यांच्या मधोमध! आणि खात होते. लायनेलच्या पायाचं नख पिकेट कात्रीने कापत होता आणि सगळे ओळीने बसून "अजून! अजून!" ओरडत होते. अंगावर काटा आला. तिथेच उभा राहिलो, पूर्ण किळस येईपर्यंत.

पिकेट म्हणाला, "टोस्ट खातोस?" मी पुढे झालो तेवढ्यात क्विल सर आले. म्हणाले, "ट्रेलोर, डे-बॉय आत नकोत. नियम माहीत आहे ना?"

माहीत आहे. बाराव्या मुद्द्यात मीच तो नियम कडक करायला सांगितला होता.

१७ ऑक्टोबर

चप्पल राहिली होती. फाटकावरूनच परत पाठवलं.

२ नोव्हेंबर, मंगळवार

डॉर्मिटरीच्या भल्यासाठी एक निर्णय घेतला. माझ्यानंतर तिथली शिस्त पार ढासळली आहे. क्विल सरांना जाऊन सांगितलं की गैरसोय सोसून मी परत यायला तयार आहे. वाटलं तर पाइप नसलेली खाटही चालेल.

सर म्हणाले, "खाट नाही, ट्रेलोर."

म्हटलं, पुढच्या वर्षी.

"पुढच्या वर्षी तुझी खाट कशी असेल? तुझ्या आत्याने लिहून दिलंय, बारावीपर्यंत तू तिच्याकडेच. वडिलांची सही आहे." मग कागद माझ्याकडे सरकवला. "आणि मन वळवण्यासाठी तू वडिलांना पाठवलेलं पत्र सोबत जोडलंय. छान लिहिलंयस. तब्येतीचा मुद्दा विशेष."

सरांनी हे हसत सांगितलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

२१ नोव्हेंबर, रविवार

ओंडके फोडत होतो. आत्या मागे येऊन उभी राहिली. प्लास्टर निघालंय, हात बारीक दिसतो. म्हणाली, "परत जायला गेला होतास म्हणे."

गावात काही लपत नाही. म्हटलं, "शिस्तीसाठी."

तिने एका कानातला कापूस काढला. म्हणाली, "त्या पोराचं काय ते सांगायचास ना तू, झोपेत कुत्र्याला हाका मारतो. मग पलीकडून कोण भुंकायचं?"

मला वाटायचं ती ऐकतच नव्हती.

म्हटलं, "मी."

ती हसली. दात ग्लासात होते, त्यामुळे ते दृश्य काही बरं नव्हतं. मग म्हणाली, "लाकडं बरी फोडतोस. बोलतोस फार." आणि कापूस परत घातला.

सांगितले होते त्याहून चार ओंडके जास्त फोडले. व्यायाम म्हणून.

१० डिसेंबर, शुक्रवार

वर्ष संपलं. सकाळी नऊची बोर्डिंगच्या पोरांची खास गाडी, पश्चिमेकडे. खिशात तिकीट होतं. रस्ताभर ठरवलं होतं: पिकेटच्या डब्यात शिरायचं, खिडकी त्याला द्यायची, चरबीच्या डबीबद्दल काहीतरी सहज बोलायचं. आठ तासांत माणूस माणसाशी बोलतोच.

फलाटावर सगळे होते. लायनेल पिकेटच्या ट्रंकेवर बसला होता, हातात पिशवी. सुट्टीत तो पिकेटच्या घरी चाललाय, मेंढ्या कातरायला शिकणार. बोटाला पट्टी, अंगाला वास, चेहरा लाल. चष्मेवाल्याची बायको लांब उभी राहून रडत होती.

पिकेटने मला पाहिलं. खुशीत होता. म्हणाला, "अरे ट्रेलोर! तू इथे? कुणाला सोडायला आलास?"

चार वर्षं हीच गाडी. चार वर्षं हाच डबा. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, टोमणा नव्हता. गावातली पोरं ट्रेनने घरी जात नाहीत, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

मी म्हणालो, "हो. लायनेलला."

"बरं झालं आलास," लायनेल म्हणाला आणि हात मिळवला.

शिट्टी झाली. सगळे चढले. पिकेट खिडकीतून वाकून बघत होता, तेव्हा चढताही येईना. दिसेनासे होईपर्यंत हात हलवला.

पुढची गाडी सोमवारी.