उजव्या हाताचं गजकर्ण

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

दुसरी थप्पड जरा कानावर बसली. पहिली गालावर बसली होती आणि ती बरोबर होती. रामलिंगचा चष्मा तिसऱ्या बाकाखाली गेला. तिसरी मी मारणार नव्हतो. तो चष्मा शोधायला वाकला आणि मान समोर आली.

कारण असं की खालून वाळूचा ट्रॅक्टर गेला. खिडक्या वाजल्या. रामलिंग ओरडला, भूकंप. सगळी बॅच दाराकडे. एक बाक मोडला. एकाचा ओठ फुटला. फळ्यावर माझं समीकरण अर्धं राहिलं. भूकंपाला पाच वर्षं होत आली. लातुरात राहून केमिस्ट्री शिकायची तर ट्रॅक्टर आणि भूकंप यांतला फरक कळला पाहिजे. मुलं म्हणाली, सर, त्याचे आजी-आजोबा भूकंपात गेले. मी म्हणालो, ते ट्रॅक्टरने गेले नाहीत ना?

मारल्यावर तळहात खाजला. दोन महिने खाजतोय. अंगठ्याच्या मुळाशी लाल कडं आहे. खडूची अॅलर्जी असावी.

संध्याकाळी खालच्या एसटीडीवर मेहुण्याचा फोन. संगप्पा म्हणाला, दाजी, चार माणसांत एकदा म्हणा, अक्काला मारणार न्हाई. लगेच आणून सोडतो बघा. मी म्हणालो, बघू.

भिडस्त माणसं आहेत. खरं कारण तोंडावर सांगत नाहीत. कमलम्मा केमिस्ट्रीची बीएस्सी आहे, तरी आषाढात माहेरी गेली ती या हातामुळे. जायच्या आधी ती माझ्या हाताकडे फार बघायची. हात वर गेला की डोळे मिटायची. रोगाची किळस, दुसरं काय.

ठरलं. हात बरा करायचा. आयुर्वेदाने. मुळापासून.

४ ऑगस्ट

आयुर्वेदावर एक पुस्तक आणलं. निम्मं वाचलं, पुरेसं आहे. माझी प्रकृती पित्ताची. पित्त भडकलं की रक्त बिघडतं, रक्त बिघडलं की त्वचा बिघडते. म्हणजे माझा राग हा राग नाही. लक्षण आहे. फार हलकं वाटलं.

भूकंपात जमिनीतली उष्णता वर आली, तीही रक्तात गेली असणार. पुस्तकात हे नाही. पुस्तक पुण्याचं आहे.

६ ऑगस्ट

गंजगोलाईजवळ डॉ. मनतशा यांचा दवाखाना. नांदेडहून बीएएमएस. वय माझ्या बॅचएवढं वाटतं. हात उलटसुलट करून म्हणाली, हे गजकर्ण आहे सर. मी म्हणालो, खडूची अॅलर्जी. ती म्हणाली, मग खडूला गजकर्ण झालंय.

टाकळ्याचं बी ताकात वाटून लेप. कडुनिंबाच्या काढ्याने हात धुणे. पोटातून चूर्ण. दही, वांगं, दूध-केळं बंद. पंचा वेगळा. आणि हात कुणाला लावायचा नाही, पसरतं. हे तिने दोनदा सांगितलं.

मग विचारलं, राग येतो का? मी म्हणालो, अजिबात नाही. शब्दाला वजन यावं म्हणून टेबलावर हात आपटला. बीपीचं यंत्र खाली पडलं. ते काठावरच ठेवलं होतं. घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं. सांगितलं, बायको माहेरी आहे, सणाला. कोणता सण, म्हणाली. डॉक्टरने आपल्या विषयात राहावं.

८ ऑगस्ट

टाकळ्याचा वास भयंकर. पहिला बाक रिकामा. कारण विचारलं तर मुलं म्हणाली, सर, मागून फळा चांगला दिसतो.

आजपासून वर्गात मारणं बंद. पित्ताला विश्रांती. एकाने तोंडी परीक्षेत सोडियमऐवजी सल्फर सांगितलं. मी हात उचलला नाही. फक्त कान धरला, आणि समीकरण बॅलन्स होईपर्यंत धरून ठेवला. दोन्ही बाजू जमायला वेळ लागला. हे मारणं नव्हे. हे शिकवणं.

१३ ऑगस्ट

खाज सहन होत नाही. दाराच्या कडीवर घासला. मग खडबडीत भिंतीवर. रक्त आलं. बिघडलेलं रक्त बाहेर गेलं हे चांगलंच. पुस्तकात त्यासाठी जळवा लावतात. माझ्याकडे भिंत आहे.

कडं फुटून दुसरं झालं. रोग वर येतोय, म्हणजे निघतोय.

१७ ऑगस्ट

डॉक्टरने पोट साफ व्हायला एरंडेल सांगितलं होतं, दोन चमचे. मी वाटीभर घेतलं. दोन चमचे सामान्य माणसाला.

नऊच्या टेस्टला पेपर वाटतानाच सुरू झालं. चार वेळा वर्ग सोडून गेलो. चौथ्यांदा आलो तेव्हा मुलं हसत होती. जो समोर सापडला त्याला हाणला. त्याच्या शेजाऱ्याला हाणला. मागचे दोघे पळाले, त्यांना जिन्यात गाठलं. फेकलेला डस्टर रामलिंगला लागला, तो पाणी पिऊन वर येत होता.

आयुर्वेद म्हणतो पोट मोकळं तर मन मोकळं. खरं आहे. जेवण चांगलं गेलं. वांगं खाल्लं.

२६ ऑगस्ट

डॉक्टरने निरोप पाठवून बोलावलं. बाहेरच्या बाकावर माझी मुलं ओळीने बसलेली. सगळ्यांच्या डाव्या गालावर लाल कडं. एकाच्या कानामागे. मला बघून सगळी एकदम मागे सरकली आणि बाक कलंडला.

ती म्हणाली, सर, तुमचा वर्ग मी आता हजेरी न घेता ओळखते.

मी तिला शांतपणे विचार करायला लावलं. मुलं जेवून दुपारी डाव्या कुशीवर झोपतात. वामकुक्षी आयुर्वेदातच सांगितली आहे. होस्टेलवर उशी सामाईक. म्हणून डावा गाल. ती म्हणाली, आणि रामलिंगच्या दोन्ही गालांवर? मी म्हणालो, तो कूस बदलतो.

तिने चिठ्ठीवर ‘हात कुणाला लावायचा नाही’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. पटलं असावं.

२९ ऑगस्ट

क्लासचे मालक किशनराव यांनी केबिनमध्ये बोलावलं. नवं होर्डिंग लागणार आहे, त्यावर माझा फोटो जाणार, तोच विषय असेल असं वाटलं. तिथे एक पालक बसलेला. धोतर, धिप्पाड. तो उठला, माझी कॉलर धरली आणि एक ठेवून दिली. चष्मा उडाला. मी शोधायला वाकलो तेव्हा दुसरी मानेत बसली. वाकलेल्या माणसाला मारणं ही रानटी गोष्ट आहे. मी त्याच्या मनगटाला चावलो. तो स्वसंरक्षणाचा भाग.

किशनरावांनी मध्ये खुर्ची घातली. म्हणाले, सर, आपण पोरं डॉक्टर करायला घेतो. डॉक्टरकडं पाठवायला न्हाई. हात बरा होईस्तवर येऊ नका.

म्हणजे भरपगारी रजा असावी. विचारलं नाही. ओठ सुजला होता.

१ सप्टेंबर

संगप्पाचा फोन. रविवारी कमलम्माच्या माहेरी, देवणीत बैठक. तो म्हणाला, दाजी, हे शेवटचं. तुम्ही आला आन् बोलला, तर अक्का तुमच्यासंगं त्याच गाडीनं येती. न्हाई बोलला, तर इथंच राहती. परत फोन करायचा न्हाई. मागून कमलम्माचा आवाज आला, चुलीवरचं उतू जातंय म्हणाली. तेवढाच आवाज. तरी बरं वाटलं. घरात दोन महिने कुणी बोललेलं नाही. भांडी आहेत, पण वाजत नाहीत.

रविवारपर्यंत हात स्वच्छ पाहिजे. चार माणसांसमोर हा हात पुढे करायचा, बघा म्हणायचं. मग वाक्याबिक्याची गरज पडणार नाही.

डॉक्टर म्हणाली, अजून महिना-दीड महिना लागेल. पथ्य पाळा. तिची पद्धत मंद आहे.

३ सप्टेंबर

उपाय सापडला. बिब्बा.

लहानपणी पायात काटा मोडला की आई बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची. काळं तेल सुटायचं. सुईच्या टोकाएवढं लावायची. पुन्हा कधी पिकायचं नाही. आता साधा विचार. सुईच्या टोकाने काटा बरा होतो, तर तळहातभर लावल्यावर तळहात. मात्रा वाढली की वेग वाढतो. हे मी अकरावीला शिकवतो.

रियाजभाईच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलो. त्याने विचारलं, जनावराला लावायचा का? मी म्हणालो, मला. तो म्हणाला, तेच विचारलं. त्याचा पुतण्या मुज्तबा माझ्या बॅचला आहे. डाव्या कुशीवर झोपणाऱ्यांपैकी.

संध्याकाळी सगळे बिब्बे टोचले, सगळं तेल काढलं, सगळं लावलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग बोटांपर्यंत लावलं.

४ सप्टेंबर

डाव्या हाताने लिहितोय. उजवा फुगला. आग. बिब्बा उतला, असं जुनी माणसं म्हणतात. मी रिअॅक्शन म्हणतो. चालू आहे म्हणजे काम करतेय.

वाक्यही पाठ केलं, अडीअडचणीला असावं. मी कमलम्माला मारणार नाही. आरशासमोर म्हटलं. आरशातला माणूस खोटं बोलल्यासारखा दिसला. आरसा फुटला. जुनाच होता.

५ सप्टेंबर

फोड. द्राक्षांएवढे. कडी दिसत नाहीत. म्हणजे गजकर्ण गेलं. सिद्ध झालं.

शिक्षकदिन. कुणी आलं नाही. दाराला खडूने एक गाल काढलेला. त्यावर पाच बोटं.

६ सप्टेंबर, रविवार. देवणी

डावा हात दुखतो, तरी लिहितो.

गाडीत उभा. कंडक्टरने हाताकडे बघून सीट दिली. उतरल्यावर संगप्पा आला होता. हात बघून म्हणाला, दाजी, ह्यो तुमचाच हाय न्हवं? गोठ्यातून ओसरीवर नेलं. चार माणसं, सासरे, मध्ये सतरंजी. कमलम्मा दाराच्या चौकटीत. डाव्या गालावर फिकट कडं, गेल्यातच जमा. मी मनात म्हटलं, हिच्यामुळेच मला झालं.

मी हात पुढे केला. सगळं समजावून सांगितलं. पित्त, रक्त, बिब्बा. रोग गेला आहे, बघा. एक म्हातारा तोंड फिरवून बसला. कमलम्मा म्हणाली, गालाचं मी टाकळ्याचा पाला चोळून श्रावणातच बरं केलं. मला तुमच्या गजकर्णाशी काय करायचंय? हात बरा झाला तर मारायला तुम्हालाच सोपं. ते म्हणा, जे म्हणायला आलात.

वाक्य तयार होतं. खरंच तयार होतं. मी कमलम्माला, इथपर्यंत बोललो. ती माझ्याकडे बघत होती. आषाढानंतर पहिल्यांदा तोंडाकडे, हाताकडे नाही. एक शब्द राहिला होता. दोन.

संगप्पा हसला. म्हणाला, म्हणा की दाजी, तोंडाला बी बिब्बा लावला का?

हात आपला आपण वर गेला. मी पित्ताला दोष देतो.

फोड सगळे एकदम फुटले. संगप्पाच्या गालाला फार लागलं नसावं, कारण तो उभाच होता आणि ओरडत मी होतो. गोठ्यातल्या गाई दाव्याला हिसके देऊ लागल्या. मी सतरंजीवर पडलो. डोळे उघडले तर संगप्पा हौदावर साबणाने तोंड धूत होता. बिब्ब्याचं भ्या बसलं म्हणाला. चार माणसं चपला घालत होती. एक म्हणाला, झालं की बैठक.

कमलम्माने खोबरेल तेलाचा डबा माझ्याजवळ ठेवला. लांबून. हात पोचेल एवढ्या अंतराच्या पलीकडून. डोळे मात्र मिटले नाहीत.

उद्या पुन्हा शांतपणे बोलेन. हात तेवढा उतरू दे.

७ सप्टेंबर, सोमवार

सकाळी कमलम्मा ओसरीवर गल्लीतल्या पोरींची शिकवणी घेत होती. केमिस्ट्री. मी अंगणातून गेलो तेव्हा एक पोरगी बघायला लागली, कमलम्मा तिला म्हणाली, फळ्याकडे बघ. संगप्पा स्टँडपर्यंत आला. लातूरचं एक तिकीट त्याने काढून माझ्या शर्टाच्या खिशात घातलं, कारण माझा हात खिशात जात नव्हता.