सीधा का उलटा

शुक्रवार, ऑगस्ट १९९४

डोकं फिरलंय माझं. आजोबांच्या शिकारीच्या रायफलीचा लाकडी दस्ता वाळवीनं खाल्ला. अण्णांनी रायफल अफझलगंजच्या बंदूकवाल्याच्या दुकानात टाकली अन् दस्ता नीट सांगून करून घ्यायचं काम मला दिलं. शाळा सोडल्यापासून पहिलंच भरवशाचं काम. दुकानातल्या चाचानं विचारलं, “सीधा होना कि उलटा, बाबा?” मला वाटलं, उलटा दस्ता कुणाला हवा असतो? मान खाली घालून म्हणलं, “सीधा.”

अरे, सीधा म्हणजे उजवा हात! जन्म हैदराबादचा अन् एवढं कळू नये? आजोबा डावखुरे, अण्णा बी डावखुरे. गाल टेकायचा उंचवटा नेमका दुसऱ्या बाजूला आलाय.

आज अण्णांनी रायफल घरी आणून डाव्या खांद्याला लावली. गाल टेकवायला गेले अन् तसेच थांबले. “आजोबांचा गाल इकडं असायचा रे,” एवढंच म्हणले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

आई म्हणली, “तोंडाला काय कुलूप होतं?”

होतंच की.

उद्या परत जायचंय, एकट्यानं. आरशासमोर म्हणून पाहिलं, “चाचा, उलटा होना. उलटा.” चौथ्यांदा कुठं आवाज फुटला.