आजोबांच्या डबीतली गोळी

३ मार्च, सोमवार. सकाळ.
आजपासून नातीच्या जंतांचं काम मी हातात घेतलं. रात्रभर चुळबुळ करते, दात खाते, खाजवते. ती माझ्या पलंगावर ह्यांच्या जागी झोपते, त्यामुळे मला सगळं कळतं. हे गेले त्याला दोन वर्षं झाली. तेराव्या दिवशी तीच आपली उशी घेऊन आली होती, सहा वर्षांची होती तेव्हा. सुनेला सांगितलं, घाबरू नकोस, या विषयातलं माझं वाचन आहे.
झोप मलाही नाही. पण माझं ते दुःखाचं. दुःखाने खाज सुटते असं कुठे वाचलेलं नाही. सुटत असावी.

५ मार्च.
माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं शिक्षण ह्यांच्या बाइंडिंगच्या दुकानात. बांधायला आलेली पुस्तकं मी दुपारी वाचायची, गिऱ्हाईक न्यायला येईपर्यंत. घरगुती औषधांच्या जाड पुस्तकातलं लहान मुलांच्या जंतांचं प्रकरण पूर्ण झालं होतं. पुढचं मोठ्या माणसांचं होतं, पण तेवढ्यात पुस्तक बांधून झालं. ह्यांचा हात फार चपळ. तरी अंदाज येतो. मोठ्यांना होत नसावेत.

७ मार्च.
डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. त्यांनी नातीचं वजन केलं. सुनेला विचारलं, दिवस गेलेले नाहीत ना? तसं असेल तर विचारल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही. सून नाही म्हणाली, जरा मोठ्यानेच. मग सांगितलं: घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी एकेक गोळी चावून खायची, दोन आठवड्यांनी पुन्हा एकेक. मधे नाही. नखं कापायची, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ, चादरी गरम पाण्यात.
मी लिहून घेतलं. ‘सगळ्यांनी’च्या खाली दोन रेघा मारल्या. मुलासाठी. तो टाळाटाळ करतो.

८ मार्च, शनिवार.
मोहीम फत्ते. मुलाला समोर उभं करून तोंड उघडायला लावलं, जीभ वर करायला लावली. बापाची तपासणी बघून नात हसून हसून लोळली.
माझी गोळी उद्या. आज पोट जड आहे.

९ मार्च.
आज डोकं जड. गोळी पाकिटासकट ह्यांच्या डबीत ठेवली, सोमवारच्या कप्प्यात. सात वारांचे सात कप्पे आहेत. शेवटच्या वर्षी दिवसाला अकरा गोळ्या मी मोजून द्यायची. एकही चुकली नाही. आता गोळी हातात घेतली की घसा मिटतो.
उद्या उघडेल.

१० मार्च.
मंगळवारच्या कप्प्यात हलवली.

११ मार्च.
बुधवारच्या.

१२ मार्च.
गुरुवारच्या. खरं म्हणजे मला जंतच नाहीत. मग उगाच औषध का घ्या? औषध जपून घ्यावं असं प्रत्येक पुस्तकात असतं.

१४ मार्च.
नात पुन्हा खाजवते. तपास सुरू केला. संशयित: तिच्या बाकावरची मैत्रीण, शेजाऱ्यांचा कुत्रा, आमचा नळ. सुनेलाही बोलले, हात धुताना वीस मोजायचे असतात, तू पाचावरच थांबतेस. ती म्हणाली, आई, माझे आकडे मोजण्याच्या वेळात तुमचे हात धुऊन होतील.
वाचन नसलं की असं बोलणं येतं.

१५ मार्च.
केमिस्टकडे गेले. म्हटलं, जंत चिवट आहेत, नातीला आजच दोन गोळ्या द्या. म्हणाला, आजी, ही काय लिमलेटची गोळी आहे का? ठरलेल्या दिवशी ठरलेली एक. जास्त दिलीत तर पोरगी ओकून हैराण होईल आणि तुम्ही माझ्या नावाने बोंब माराल. वर विचारतो, घरात सगळ्यांनी घेतली ना?
मी म्हटलं, माझ्या देखरेखीखाली.
उर्मट माणूस.

१६ मार्च, रविवार.
सुनेने नातीची उशी आपल्या खोलीत नेली. म्हणाली, जंत पुरते जाईपर्यंत वेगळी झोपू दे. बरोबरच आहे. मीच नियम सांगितले होते. नात दारात थांबून म्हणाली, आजी, जागा धरून ठेव हं, कुणाला देऊ नकोस.
कुणाला देणार?

१७ मार्च.
पलंगाच्या मधोमध झोपून पाहिलं. जमत नाही. परत कडेला आले.

१९ मार्च.
आता कडक व्हायला हवं. पोरगी परत यायची तर घरातला शेवटचा जंत गेला पाहिजे. सगळ्यांच्या टॉवेलांवर नावं घातली. नळ ब्रशने घासला. शेजाऱ्यांच्या कुत्र्याला लांबून समज दिली.
गोळी गुरुवारच्या कप्प्यात. शनिवारी सगळ्यांचा दुसरा डोस आहेच, तेव्हा पाहू.

२२ मार्च, शनिवार. सकाळी दहा.
नातीला मणी ठेवायला डबी हवी होती. शेल्फावरून ह्यांची काढली. शनिवारचा कप्पा उघडून म्हणाली, आजी, ही गोळी आजोबांची का गं?
मी हो म्हटलं.
ह्यांच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले. तेही सुनेसमोर. तिने गोळीचं पाकीट हातात घेतलं, चष्मा लावला. त्यावर तयार केल्याची तारीख होती. यंदाचा जानेवारी. तिने पाकीट मुलाकडे दिलं. त्याने तारीख मोठ्याने वाचली. नात म्हणाली, पण आजोबा तर त्याच्या आधीच गेले ना?
सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आजचा डोस सगळ्यांचा पहिला धरा, आजींसकट. पुन्हा दोन आठवड्यांनी. आणि आजींना विचारा, त्यांना खाज येते का?
सुनेने विचारलं. तिघंही माझ्याकडे बघत होते.
मी म्हटलं, येते. मला वाटलं, ते दुःखाचं आहे.
मुलगा हसायला लागला आणि मधेच थांबला. सुनेने पाण्याचा पेला आणून दिला. म्हणाली, बसा आई, सावकाश घ्या, मी थांबते. ह्यांना मी असंच म्हणायची.
चावली. संत्र्याच्या चवीची होती. दोन आठवडे मी संत्र्याला घाबरत होते.
नात पुढे आली, कमरेवर हात. आजी, आ कर. जीभ वर. डावीकडे. उजवीकडे. पास.
मग बोटांवर मोजून म्हणाली, पाच एप्रिल. तोपर्यंत जागा धरून ठेव.