विजेचा झाडू

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही आहोत तसे आहोत. पत्र लिहायचं कारण म्हणजे भुसा. लाकडाचा कारखाना सुटल्यापासून तुझ्या दाजींनी मागच्या खोलीत सुतारकाम मांडलंय हे तुला माहीत आहे. खोली केवढी, तर दोन खाटा टाकल्या की संपली. खिडकी एक, तीही शेजाऱ्याच्या भिंतीला नाक लावून. चक्री करवत चालली की घरभर भुसा. माठात भुसा, उशीत भुसा, भाकरीवर भुसा. ते एक वेळ मी खाईन, पण ह्यांचा खोकला आता ऐकवत नाही. म्हणतात, सुतार खोकणारच.

मी ऐकते होय? दुकानात नेलं. दुकानदाराने विजेचे झाडू दाखवले, धूळ ओढणारे. एक मोठ्या कापडी पिशवीचा. एक पिंपासारखा, वर जाड गाळणी बसवलेला. तिसरा नुसता पंखा, भिंतीला भोक पाडून बसवायचा. दुकानदार तिन्ही चांगले म्हणतो, त्याचं काय जातंय? तू मोठ्या कारखान्यात हवेच्या नळ्या सांभाळतोस, तर एक काम कर. मोटारीचं पुराण लावू नकोस. कुठला घेऊ, तेवढं सांग.

भावजयीला आशीर्वाद. तिला म्हणावं, नवऱ्याला पत्र लिहायला बसव.
तुझी आक्का


ता. ११ फेब्रुवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझी भावजय म्हणते, तुमच्या बहिणीचं पत्र वाचलं की आपणच काहीतरी चुकलोय असं वाटतं.

पुराण लावत नाही, पण एक गोष्ट ऐकून घे. तू ज्याला भुसा म्हणतेस तो मेला गरीब आहे. तो खाली पडतो, दिसतो, झाडता येतो. वाईट असतं ते पीठ. लाकडाचं पीठ, डोळ्याला न दिसणारं. ते तासन् तास हवेत तरंगतं आणि माणूस ते ओढत राहतो. कापडी पिशवी भुसा धरते आणि पीठ पुन्हा खोलीत सोडते. वर माणसाला वाटतं, खोली स्वच्छ झाली. ती घेऊ नकोस. पंखा लावलास तर सगळं शेजाऱ्याच्या घरात जाईल आणि तो तुझ्याशी भांडायला येईल. त्याची मला कीव येते.

पिंपवाला घे. भुसा पिंपात पडतो, पीठ गाळणीत अडकतं. नळी जाड आणि आखूड ठेवा, थेट करवतीच्या तोंडाशी. तुझा हा झाडू आवाज फार करतो, दाजी कुरकुर करतील. करू देत.

खोकला अंगावर काढू नका. छातीच्या डॉक्टरला दाखवा.
आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझा धाकटा


ता. २० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पिंपवाला घेतला. तू सांगितलंस तशी जाड नळी, आखूड, करवतीच्या तोंडाशी. आवाज म्हणजे गिरणीच. शेजारीण एकदा विचारून गेली, काय दळताय. पण काम चोख. रोज संध्याकाळी काम आटोपलं की हे झाडू चालू करतात, नळी काढून कोपरान्‌कोपरा ओढून घेतात आणि मग बंद करतात. फरशी अशी, की तिच्यावर वाढून जेवावं. माठात आता काही नाही. तुला अक्कल आहे, हे मी सगळ्यांना सांगते.

खोकला मात्र तसाच. उलट जिना चढताना मध्ये उभे राहतात आणि कठडा बघतात. म्हणतात, सांधा सैल झालाय. कठड्याचा सांधा मी हलवून पाहिला, घट्ट आहे. डॉक्टरकडे चला म्हटलं की हातातलं काम दाखवतात. आता ओढूनच नेणार आहे.

तू येईन येईन म्हणतोस. येणाऱ्याचे पाय दिसतात, तुझे अजून दिसले नाहीत.
तुझी आक्का


ता. २६ एप्रिल

ती. आक्कास,
शि. सा. न.

बाकी काही लिहीत नाही. काम आटोपल्यावर म्हणजे काय? करवत चालू असताना मशीन बंद असतं?

आक्का, तो झाडू नाही. तू झाडू म्हणालीस, मीही गमतीत झाडू म्हणत बसलो. चुलीवर धूर होतो तेव्हा खिडकी उघडतात, जेवणं झाल्यावर नाही. आधी मशीन, मग करवत. करवत थांबली तरी ते थोडा वेळ चालू हवं. संध्याकाळी तुम्ही ओढता तो फरशीवरचा भुसा. पीठ तोवर दाजींच्या आत गेलेलं असतं.

हे पत्र त्यांना वाचून दाखव. आणि डॉक्टरकडे आजच जा, उद्या नको.
तुझा धाकटा


ता. ९ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दाखवलं होतं. ऐकलं आणि म्हणाले, हे दुकानदाराने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मग? तर म्हणाले, ते चालू असलं की करवत ऐकू येत नाही.

तुला सांगते, जन्मभर हा माणूस कानाने काम करत आलाय. पातं बोथट झालं की रडका आवाज येतो; दुसरं कुणी कापत असलं तरी हे पलीकडच्या खोलीतून म्हणायचे, पातं गेलंय. फळीत खिळा असला तर बोट पोचायच्या आधी ह्यांना ऐकू यायचा. जोडीच्या सुतारांची बोटं गेली, ह्यांची सगळी शाबूत. डॉक्टरने छातीचा फोटो दिव्यासमोर धरला आणि विचारलं, इतकी वर्षं काहीच काळजी घेतली नाहीत? तर ह्यांनी दोन्ही पंजे उघडून त्याच्यापुढे धरले. डॉक्टरला काही कळलं नाही. मला कळलं, पण मी कशाला सांगू?

डॉक्टर म्हणाला, गेलं ते भरून येत नाही, उरलंय ते जपा. उरलंय थोडं. करवतीला हात लावायचा नाही, त्या खोलीत पाय ठेवायचा नाही.

आता आडवं झालं की जीव घुसमटतो, म्हणून बसूनच झोपतात. पुढे वाकून डोकं टेकायला काहीतरी हवं. बाजारातलं टेबल एक उंच, एक ठेंगणं. मग ह्यांनीच खाटेवर बसून फळीवर पेन्सिलीने रेघा मारून दिल्या आणि कापल्या मी. तोंडाला फडकं, मशीन आधी चालू, मग करवत. हे दाराबाहेर खुर्चीवर. मध्येच हाताने खूण केली, ते बंद कर. जवळ गेले तर म्हणाले, एकच फळी, ऐकू दे. मी नाही म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तरी नाही केलं बंद. फळी वाकडी कापली गेली, ती तशीच ठोकली.

टेबल बरं झालंय, जरा डुगडुगतं. रात्री उशी देते, तर ती बाजूला सारतात आणि कान थेट लाकडावर ठेवतात. काल विचारलं, काय ऐकता एवढं? श्वास सोडला की त्या फळीतून घरघर येते, ती मलाही ऐकू येत होती. म्हणाले, पातं गेलंय.

तू ये. पत्र लिहून येऊ नकोस, नुसता ये.
तुझी आक्का